दोघांपुरतं भरीत

देवपुरात क्लासवाल्यांना तोटा नाही. दत्त मंदिर चौकातून वाडीभोकर रोडकडे पायी निघालात तर एका खांबावर बारावीचा फलक, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षेचा, तिसऱ्यावर महिन्याभरात फाडफाड इंग्रजी. एका विषयाचा क्लास मात्र अजून कोणी काढलेला नाही, म्हणून नाइलाजानं ती जबाबदारी मी घेतो. विषय असा: देवपुरात राहणाऱ्या नवरा-बायकोनं शनिवार-रविवार दोघांनीच कसा घालवावा. म्हणजे दोघांनीच फिरायचं, दोघांनीच खायचं, आणि रविवारी रात्री घरी यायचं तेही दोघांनीच.

माझी पात्रता विचाराल तर लग्नाला अकरा वर्षं, प्रयत्न पाच, यश शून्य. क्लास काढायला एवढं पुरतं. जे पास झाले ते पुण्याला गेले, शिकवायला मागे राहिलो ते आम्ही.

खालच्या सूचना हिवाळ्यासाठी आहेत. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना जोडप्यानं कूलरसमोरून हलू नये, त्यालाच महाबळेश्वर समजावं.

१. निघण्याचं कारण तयार ठेवा.

'फिरायला जातोय' हे कारण नाही, हे आमंत्रण आहे. गेटपाशी गाडी काढताना समोरच्या ओट्यावरून विचारणा होणारच, "कथा चालनात?" तुम्ही भाबडेपणानं खरं सांगाल. मग समोरून हसू येईल, "फिराले? आठे काय शे फिराले?" या प्रश्नाला उत्तर द्यायला थांबू नका. आपल्या गावात बघण्यासारखं काही नाही यावर अख्ख्या देवपुराचं एकमत आहे, पण ते काही नाही बघायला कोणी निघालं की त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही यावरही तितकंच एकमत आहे. तुम्ही 'लळिंग' म्हणेपर्यंत आतून चपला सरकवल्याचा आवाज येईल आणि मग ते वाक्य: "थांबा, आम्हीबी येतस."

देवाचं कारण सांगावं असा मोह होईल. एकवीरा देवीचं मंदिर देवपुरातच, पांझरेच्या काठावर, पाच मिनिटांच्या अंतरावर. आम्ही पहिल्या प्रयत्नात हेच केलं. "देवीला जाऊन येतो" म्हटल्याबरोबर आईनं नारळ दिला, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ओटीचं सामान दिलं, शेजारच्या काकूंनी त्यांच्या राहिलेल्या नवसाचे आणखी दोन नारळ दिले, आणि नारळ धरायला माणूस हवा म्हणून आत्याबाई दिल्या. देवीपुढे आम्ही चौघं उभे होतो. चौथे आत्याबाईंचे यजमान, ते रस्त्यात भेटले.

चालणारं कारण एकच: बँक. "जॉइंट खातं आहे, केवायसीला दोघांची सही लागते." बँकेत कोणी हौसेनं सोबत येत नाही. फक्त महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार नाही ना, हे बघून घ्या. त्या दिवशी बँक बंद असते आणि ते तुमच्या आईला तुमच्याआधी ठाऊक असतं.

२. चारचाकी काढू नका.

चारचाकीत पाच माणसं बसतात. तुम्ही दोघं. उरलेल्या तीन जागा खानदेशात रिकाम्या ठेवत नाहीत. कसं दिसतं ते? दुचाकी घ्या, आणि सोसायटीतलं कोणतंही सात वर्षांखालचं मूल पुढे उभं राहायला येण्याआधी किल्ली फिरवा.

३. पूल ओलांडताना मान खाली ठेवा.

देवपूर पांझरेच्या उत्तरेला, गाव दक्षिणेला. तेव्हा खाण्यासाठी असो की पळून जाण्यासाठी, नदी ओलांडावी लागते आणि पुलावर सगळे भेटतात. इथे एका मोठ्या माणसाचं स्मरण करावं. १८८४ साली सरकारी नोकरीत शिरलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना सुरुवातीलाच धुळे भागात पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे सायफनच्या नळानं पाणी नेण्याचं काम मिळालं होतं. कुणाला न दिसता पलीकडे कसं पोचायचं, याचा तो या नदीवरचा पहिला यशस्वी प्रयोग असावा. माणसांसाठी अशी सोय अजून झालेली नाही. हेल्मेट घाला. कायद्याचंही पालन होतं.

४. गल्ल्यांचा नकाशा पाठ करा.

१८१९ साली कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्यात आणलं आणि इथे आखीव पेठ वसवली. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. आजही पत्ता सांगताना आम्ही चौथी गल्ली, सहावी गल्ली असंच सांगतो. त्यामुळे धुळ्यात परका माणूस कधी चुकत नाही. चुकतो तो नात्यातला.

रात्री कागद घ्या. आग्रा रोड मधोमध काढा, गल्ल्या आखा आणि एकेका गल्लीवर कोण राहतं ते लिहा. चौथीत मामा. पाचवीत मावससासू, त्यांची गच्ची कोपऱ्यावर, म्हणजे अर्धी सहावीही त्यांच्याच ताब्यात. सातवीत ज्यांच्या मुलाच्या साखरपुड्याला तुम्ही गेला नव्हता ते. हे सगळं टाळून कचोरीच्या गाडीपर्यंत पोचायचा मार्ग निघतो, पण तो अर्ध्या गावाला वळसा घालून. नाश्ता करून परत येईपर्यंत पुन्हा भूक लागते. यालाच बाहेरगावचे लोक फूड वॉक म्हणतात.

गरम कचोरी हातात आली की फोटो काढा, पण स्टेटसला ठेवू नका. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात मी ठेवला. कचोरीत चटणी मुरायच्या आत मावससासूंचा फोन: "गल्लीपर्यंत आलात आणि वर नाही आलात?" वर गेलो. पोहे झाले, चहा झाला, जेवूनच जा झालं. दुपारी तीनला आम्ही त्यांच्या दिवाणावर आडवे होतो आणि बायको त्यांच्या कुरडयांचा डबा उन्हातून आत आणत होती.

५. दुपारी लपण्यासाठी संशोधन संस्था गाठा.

हे मी तुम्हाला फुकट सांगतोय, पुढे सांगू नका. धुळ्यात ओळखीचं माणूस हमखास भेटणार नाही अशी जागा म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवलेली जागा. आणि या बाबतीत धुळे श्रीमंत आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून गोळा केलेलं त्यांचं दप्तर सांभाळायला पुढच्याच वर्षी इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. बायकोला आत नेताना गंभीर चेहऱ्यानं सांगा की याच माणसानं 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिला. त्यांची स्वतःची पत्नी ऐन तारुण्यात गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, हे मात्र तिनं विचारल्यावरच सांगा.

तिथून समर्थ वाग्देवता मंदिर. शंकरराव देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत, समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायणही आहे. समर्थांचा आणि विवाहसंस्थेचा संबंध 'सावधान' या एका शब्दापुरताच आला, हे शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आमच्या गावातली दोन नावाजलेली ठिकाणं पाहा: एक, ज्यानं लग्नाचा इतिहास लिहिला त्याचं. दुसरं, जो बोहल्यावरून पळाला त्याचं. जोडप्यानं फिरायला जावं अशी याहून चांगली गावं असतील. मला ठाऊक नाहीत.

दोन्हीकडे शांतता असते, पंखा असतो आणि कोणी "काय घेणार?" असं विचारत नाही. आमच्या अकरा वर्षांच्या संसारात आम्ही सर्वांत जास्त वेळ सलग एकमेकांशी बोललो ते मोडी लिपीतल्या एका पत्रासमोर उभं राहून. काय लिहिलंय ते दोघांनाही कळत नव्हतं, त्यामुळे वाद झाला नाही.

६. ढाब्यावर 'एक शेवभाजी' म्हणताना घाबरू नका.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग धुळ्याला मिळतात. त्यामुळे आमच्याकडे ढाबे ट्रकवाल्यांच्या भुकेनं वाढलेले आहेत, तुमच्या-आमच्या नाही. इथे जेवण मापानं येत नाही, अंतरानं येतं: पुढचं जेवण इंदूरला की नागपूरला, त्यावर. तुम्ही देवपूरला जाणार आहात हे वेटरला कितीही सांगितलं तरी त्याला पटत नाही.

शेवभाजीचं शास्त्र लक्षात घ्या. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटलेला मसाला, वर बोटभर तर्री, आणि जाड तिखट शेव शेवटच्या क्षणी. शेव रश्शात पडली की तुमच्याकडे पाच मिनिटं असतात. पहिल्या मिनिटाला ती कुरकुरीत असते, तिसऱ्याला अर्धी मऊ, ती खरी वेळ. पाचव्याला ती सगळा रस्सा पिऊन फुगते आणि वाडग्यात भाजी नसून लापशी आहे असं वाटू लागतं. नवशिकी जोडपी ही पाच मिनिटं फोटोत घालवतात. आधी वाडगं उभं, मग आडवं, मग बायकोचा हात त्यात भाकरी बुडवताना, मग तो हात पुन्हा, कारण पहिल्यात बांगडी नीट आली नाही. मग खाली 'अस्सल खानदेशी झणका' असं लिहून ते लापशी खातात.

दोघांत एक मागवा. तरी उरेल. उरलेलं बांधून घ्या, शेव वेगळी मागा, आणि घरी सांगायला कारण शोधा की बँकेच्या केवायसीत शेवभाजी कुठून आली.

७. संध्याकाळी नकाणे तलाव.

जा. सूर्यास्त छान दिसतो. शाळेतले सर भेटतील. वाकून नमस्कार करा, पगार सांगा, परत या.

८. रविवारी पहाटे लळिंग.

गावापासून दहा-एक किलोमीटर, महामार्गाला लागूनच. जानेवारीत धुळ्याचा पारा अधूनमधून राज्यात सगळ्यांत खाली जातो. अशा पहाटे साडेपाचला कोणी "आम्हीबी येतस" म्हणणार नाही, असा तुमचा हिशेब असेल. माझाही होता.

चढताना बायकोला इतिहास सांगा, दमायला होत नाही. लळिंग हे फारुकी सुलतानांचं ठाणं. मलिक राजाचा मुलगा नासीर खान इथूनच असीरगडावर गेला. गेला कसा, ते फरिश्त्यानं लिहून ठेवलंय. त्यानं असीरगडच्या आसा अहिराला निरोप धाडला: शत्रू अंगावर येतोय, माझ्या बायकामाणसांना तुमच्याकडे ठेवून घ्या. अहीर मोठ्या मनाचा, हो म्हणाला. डोल्या आल्या. दरवाजे उघडले. डोल्यांतून बायकांऐवजी शस्त्रधारी शिपाई उतरले आणि गड गेला.

ही गोष्ट इतिहासाची म्हणून ऐकू नका, पाहुणचाराची म्हणून ऐका. "दोघं-तिघं येतोय" असा निरोप आल्यावर डोलीतून नक्की किती उतरतील हे खानदेशात सहाशे वर्षांपूर्वीही सांगता येत नव्हतं. आम्ही वरच्या टाक्यापाशी पोचून दम खात होतो तेवढ्यात खालून हाका ऐकू आल्या. बायकोचा चुलतभाऊ, त्याची बायको, दोन पोरं आणि स्वेटर-मफलरमध्ये गुंडाळलेले आमच्या हिचे नाना. रात्री आम्ही कानटोप्या कुठे ठेवल्यात असं फोनवर सासूबाईंना विचारलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी सगळं ताडलं. "म्हटलं, दोघंच कुठे जातील एवढ्या थंडीत," नाना म्हणाले आणि थर्मास उघडला. चहा आठ जणांचा होता. आठवा कोण, हे आम्ही आजही विचारलेलं नाही.

९. हुशार विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक: चाळीसगाव.

ज्यांना जिल्ह्याची हद्दच ओलांडायची आहे त्यांनी चाळीसगावची गाडी पकडावी. हा फाटा १९०० सालापासून आहे, आणि धुळ्याहून सुटणारी प्रत्येक गाडी चाळीसगाववरूनच जात असल्यानं चुकीच्या गाडीत बसण्याची भीती नाही. तिसऱ्या प्रयत्नात आम्ही गेलो होतो.

चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९१२चा जन्म, १९८९ला गेले. छायाचित्रकार, टेबल-टॉप फोटोग्राफीत मोठं नाव. टेबलावर साध्या वस्तू मांडून ते बर्फाळ डोंगर उभे करत. बाहेर जाऊन डोंगर बघायची त्यांना गरज पडली नाही, कारण ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. मुंबईत जिच्याशी मन जुळलं होतं ती पंजाब मेलनं येईन म्हणाली होती, असं सांगतात. मग जवळपास पन्नास वर्षं रोज रात्री मेलच्या वेळेला दारं-खिडक्या उघडायची, दिवे लावायचे, ताज्या फुलांचा गुच्छ आणि दोघांचं जेवण तयार ठेवायचं. गाडी यायची. ती आली नाही.

इथे मला मार्गदर्शन थोडं बाजूला ठेवावं लागतं. परतीच्या गाडीत आमची ही खिडकीशी बसली होती. बाहेर कपाशीची रिकामी झालेली शेतं, काड्या उभ्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोघांचं जेवण म्हणजे किती टाकत असतील हो?" मला सांगता आलं नाही. आमच्या घरात कणीक मळताना आईनं दोघांचं माप कधी घेतलेलंच मी पाहिलेलं नाही. दोघंच असले तरी दोन पोळ्या येणाऱ्याच्या, एक गाईची, एक कुत्र्याची, आणि "राहू दे, सकाळी होतील" म्हणून आणखी चार. अख्ख्या खानदेशात मोजून दोघांचं जेवण रोज मांडणारा एकच माणूस झाला, आणि त्याच्याकडे दुसरं कोणी आलं नाही.

मग समोरच्या बाकावरच्या बाईंनी डबा उघडला, तुम्ही कुठल्या, कोणाकडच्या असं झालं, आणि त्या माझ्या मावसबहिणीच्या नणंदेच्या जाऊ निघाल्या. धुळे येईपर्यंत आमच्या मांडीवर त्यांचे शेंगोळे होते.

१०. आता मुख्य प्रयोग: दोघांपुरतं भरीत.

रविवारी संध्याकाळी हा प्रयोग करायचा. आजवर कोणाला साधलेला नाही, तरी पद्धत देतो.

बाजारात जा. भरताची वांगी निवडा: हिरवट-पांढरी, लांबट, तळहातात न मावणारी. जळगावकडची असतील तर उत्तम. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ती भरीत होण्याआधीच सुशिक्षित असतात. आता धीर करून म्हणा, "दोन द्या."

भाजीवाली बाई तुमच्याकडे बघेल. मग बायकोकडे बघेल. मग आवाज खाली आणून विचारेल, "घर मा कोनी आजारी शे का?"

दोनच घेऊन बाहेर पडलात तर इथपर्यंत यश. पण आता भाजायची कशावर? गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, वांगं करपलं म्हणतात. वांगं भाजायचं कपाशीच्या काड्यांवर. काड्या शेतात असतात. शेत आमच्या जिभाऊंचं. जिभाऊंना फोन लावा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, "चार काड्या मिळतील का?" जिभाऊ म्हणतील, "चार काय करशील? ये मळ्यात." तुम्ही म्हणाल, दोनच वांगी आहेत. ते हसतील. फोन ठेवतील. आणि पुढचे फोन ते लावतील.

आता यात कोणाची चूक आहे ते मला दाखवून द्या. दोन वांग्यांसाठी जाळ करायचा तर काड्यांचा भारा तेवढाच लागतो. एवढा जाळ केलाच आहे तर जिभाऊंनी आपली पाच किलो आणली. पाच किलो वांगी म्हटल्यावर काकूंनी कळण्याचं पीठ काढलं, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं. पुऱ्या एकटीनं होत नाहीत, म्हणून दोन्ही सुना आल्या. सुना आल्या म्हणून पोरं आली, पोरांना आणायला भाऊ आले. भाऊ आले तर पाच किलोत काय होतं? रस्त्यात आणखी सहा किलो घेतली. प्रत्येक पायरी अगदी बिनचूक आहे. शेवटी जी बेरीज होते तिच्याशी कोणाचाच संबंध नसतो. आमच्या पाचव्या प्रयत्नात अकरा किलो वांगी आणि सव्वीस माणसं झाली. आमची दोन वांगी त्या ढिगात कोणती, हे मी शेवटपर्यंत नजरेनं धरून ठेवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या काडीच्या जाळात हरवली.

जाळ मात्र बघून घ्या. वांग्यांना आधी तेलाचा हात लावतात, टोचे मारतात, नाहीतर फुटतात. काड्या तडतडून पेटतात आणि झटकन विझतात, त्यामुळे एक माणूस सतत मूठ-मूठ टाकत राहतो. त्याला काही विचारायचं नाही. हिरवट साल आधी तपकिरी होते, मग काळी, मग तिला भेगा पडतात आणि भेगेतून पाणी निखाऱ्यावर चुर्रर पडतं. देठापाशी काडी रुतली की झालं. मग राखेतून काढून, पाण्यात बोटं बुडवून, फुंकर मारत साल ओढायची. ती एका दमात निघाली तर आसपासचे सगळे बघतात. माझी निघत नाही. बायकोची निघते, देठापासून टोकापर्यंत, मोज्यासारखी. त्या संध्याकाळी ती पलीकडे बायकांत बसून साली काढत होती आणि मी इकडे मिरच्या-लसूण ठेचणाऱ्यांत. मधे जाळ. जाळावरून तिनं एक अख्खी साल उंच धरून मला दाखवली. या दोन दिवसांतला दोघांचाच म्हणावा असा क्षण तो. नानांनी मधे येऊन विचारलं, "तेल किती टाकू?"

तेल भरपूर. शेंगदाणे तेलात तांबूस करा, ठेचा घाला, ठसका येऊन सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की मिरचीचं प्रमाण बरोबर. लाकडी मुसळीनं ठेचलेलं वांगं, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. गरम कळण्याची पुरी. पंगत बसते तेव्हा पुरुष आधी आणि बायका वाढायला, हे शेतातही चुकत नाही. एकत्र जेवायचं असेल तर नवऱ्यानं हातात पातेलं घ्यावं आणि वाढायला उभं राहावं. सगळे हसतील. हसू द्या. दुसऱ्या पंगतीत जागा मिळते, आणि शेजारी बायकोचं पान असतं. मधे तिच्या चुलतभावाची धाकटी येऊन बसते, ते वेगळं.

निघताना पिशवीत काय काय येतं याची तयारी ठेवा. आमच्याकडे आलेलं: स्टीलच्या डब्यात भरीत, पुऱ्यांची चळत, पातीची जुडी, केळ्याची फणी, नागलीचे पापड, आणि "तुमची दोन राहिली होती ना" म्हणून परत केलेली दोन वांगी. दोन्ही कच्ची. ती आमची नव्हती, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

११. रविवारची रात्र.

घरी पोचा. आई-बाबा झोपलेले असतील, कारण केवायसीला दोन दिवस का लागले हे त्यांना सकाळी निवांत विचारायचं असतं. गाडी ढकलत आत घ्या, स्टँडचा आवाज करू नका. चपला हातात. वर गच्चीलगतच्या खोलीत जा. दिवा लावू नका. दिवा दिसला की समोरचा ओटा जागा होतो.

पोट भरलेलं असेल. तरी डबा उघडा. गार भरीत गरमापेक्षा चांगलं लागतं, हे पंगतीत कळत नाही. पुरी चिवट झालेली असते, दोघांनी दोन टोकं धरून ओढावी लागते. खालच्या रस्त्यावरून नगाव बारीकडे जाणाऱ्या ट्रकचा उजेड भिंतीवरून सरकतो तेवढाच उजेड पुरतो. बोलू नका, किंवा हळू बोला. आमची ही हळूच म्हणाली, "चार पुऱ्या आहेत. दोन तुम्ही, दोन मी." आम्ही मोजल्या.

इथे बेल वाजते.

पहिल्यांदा वाजली की हलू नका. श्वास रोखा. लोक चुकून वाजवतात. दुसऱ्यांदा वाजली आणि खालून "झोपलात का?" असं कुजबुजत आलं तर समोरच्या काका-काकूंना बाहेर थंडी वाजत असणार, हे लक्षात घ्या. डब्यात भरीत किती उरलंय ते ट्रकच्या उजेडात बघा. मग एक पुरी परत डब्यात ठेवा, दिवा लावा आणि खाली जाऊन दार उघडा.